खण बाहेर कसा येणार? जुन्या फर्निचरचं रेखाटन बघायला शिकताना

माझ्या कामाच्या टेबलासमोर भिंतीवर एका डेस्काचं रेखाटन फ्रेम करून लावलंय. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीवर मुनीम ज्याच्यासमोर मांडी घालून बसायचे ते बैठं, सागवानी, उतरत्या झाकणाचं, दोन खणांचं डेस्क. घरी येणारा पाहुणा त्याकडे बघतो आणि दोनपैकी एक काहीतरी बोलतो. एक तर, "वा, काय बारीक काम आहे!" नाहीतर, "हा नकाशा कशाचा?" आणि दोन्ही प्रकारचे पाहुणे अर्ध्या मिनिटात चहाकडे वळतात.

त्यांची चूक नाही. देखाव्याचं चित्र कसं बघायचं हे आपल्याला आपोआप येतं, माणसाचं चित्र तर येतंच येतं. पण मोजून-मापून काढलेलं कपाटाचं, खुर्चीचं, देव्हाऱ्याचं रेखाटन नुसतं बघून भागत नाही, ते थोडं वाचावं लागतं. ही वाचायची रीत कुणी शिकवत नाही, म्हणून हा लेख. चित्र काढता येण्याची गरज नाही. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल आणि घनभूमितीच्या पेपरातलं थोडंफार आठवत असेल तर तुम्ही चार पावलं पुढेच आहात.

मला ही रीत ज्यांनी शिकवली ते चित्रकार नव्हते. विशीत असताना मी याच डेस्काचं चित्र काढलं होतं. पेढी बंद होणार होती, डेस्क कुठे जाईल याचा भरवसा नव्हता, आणि त्याची हुबेहूब नक्कल करून घ्यायची असं माझ्या डोक्यात बसलं होतं. चार दिवस खपून पेन्सिलीनं छायाबिया देऊन चित्र केलं आणि लक्ष्मीपुरीतल्या एका मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडात धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरा, चित्र झ्याक हाय. पन ह्यातला खण भाईर कसा येनार?"

मला प्रश्नच कळला नाही. मूठ धरून ओढला की येईल, अजून कसा! भिंतीवर आज जे रेखाटन आहे ते माझं नाही. पुढे एका निवृत्त ड्राफ्ट्समननी त्याच डेस्काची नीट मोजणी करून ते काढलं. माझ्या आणि त्यांच्या चित्रात जो फरक आहे, तोच बघायला शिकायचं आहे.

पहिली पायरी: चित्र आधीचं की नंतरचं?

जुन्या फर्निचरचं कुठलंही तपशीलवार चित्र समोर आलं की पहिला प्रश्न हा विचारा. वस्तू घडवण्याआधी काढलेलं चित्र आणि घडून, वापरून, म्हातारी झालेल्या वस्तूचं चित्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आधीच्या चित्राचा नामांकित नमुना लंडनच्या थॉमस चिपेंडेलचा. त्यानं १७५४ साली आपल्या खुर्च्या, पलंग, कपाटांच्या नक्षांचं मोठं पुस्तक ताम्रपटांवरून छापून काढलं. ही चित्रं गिऱ्हाइकाला दाखवायची होती, आणि दुसऱ्या सुतारांनी त्यावरून माल बनवावा म्हणूनही होती. त्यातल्या काही खुर्च्यांचा डावा पाय एका नक्षीचा आणि उजवा पाय दुसऱ्याच नक्षीचा दिसतो. नवखा माणूस चमकतो, की ही कसली विचित्र खुर्ची? तशी खुर्ची कुणीच बनवणार नव्हतं. एकाच चित्रात दोन पर्याय दाखवून पान वाचवलं आहे. यातला आवडेल तो पाय दोन्ही बाजूंना लावून घ्या, एवढंच. आपल्याकडे साडीच्या दुकानात एकाच पुतळ्याला दोन पदर लावतात तसलाच हा प्रकार. त्यातली बरीचशी मूळ रेखाटनं आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

नंतरच्या चित्राचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं. तिथल्या मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२ या वर्षांत, सरकारनं बेकार चित्रकारांना काम दिलं: देशातल्या जुन्या वस्तू, पेटारे, खुर्च्या, खेळणी, कापड, जे काही असेल ते जलरंगात हुबेहूब उतरवायचं. सुमारे १८ हजार चित्रं झाली. ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. तिथल्या पेटाऱ्याच्या चित्रात झिजलेला कोपरा झिजलेलाच आहे, उडालेला रंग उडालेलाच आहे. आधीचं चित्र म्हणतं "असं व्हावं", नंतरचं म्हणतं "असं आहे". पहिल्याकडून कल्पना मागायची, दुसऱ्याकडून प्रामाणिकपणा. उलटं केलंत तर दोघांवरही अन्याय.

भिंतीवरचं माझं डेस्क दुसऱ्या जातीचं आहे. इथून पुढे मुख्यतः त्याच जातीबद्दल बोलतो.

दुसरी पायरी: कोपऱ्यातली पाटी

कागदाच्या उजवीकडे खालच्या कोपऱ्यात बहुधा एक चौकट असते. वस्तूचं नाव, लाकूड, प्रमाण, तारीख, काढणाऱ्याची सही. चित्राआधी ती वाचा. प्रमाणाला आपल्याकडे सगळे सरसकट "स्केल" म्हणतात. माझ्या चित्रावर १:४ आहे, म्हणजे खऱ्या वस्तूचे चार इंच कागदावर एक इंच. डेस्क २४ इंच रुंद, तर कागदावर ते ६ इंच भरतं.

फोनवर बघत असाल तर या १:४ ला काही अर्थ उरत नाही. दोन बोटांनी मोठं केलं की प्रमाण गेलं. म्हणून जाणकार ड्राफ्ट्समन आकड्याबरोबर खाली एक आखलेली पट्टीही काढतो. चित्र लहानमोठं झालं तरी पट्टी त्याच्याबरोबरच लहानमोठी होते. पट्टी असलेलं चित्र दिसलं की समजायचं, माणसानं पुढचा विचार केलाय.

मापं इंचात आहेत की मिलिमीटरमध्ये, हेही बघून ठेवा. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, पण सुताराच्या तोंडी आजही फूट, इंच आणि सूत आहे. आठ सुतांचा एक इंच. जुनी वस्तू इंच-सुतांत घडलेली असते, त्यामुळे तिची मापं मिलिमीटरमध्ये लिहिली की ३१७.५ वगैरे विचित्र आकडे येतात. तेच साडेबारा इंच म्हटलं की घडवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते कळतं. जुन्या वस्तूचं माप तिच्याच भाषेत लिहावं, असं माझं ठाम मत आहे. मिलिमीटर हवे तर शेजारी बारीक अक्षरात लिहा.

तिसरी पायरी: तीन चित्रं मिळून एक वस्तू

इथे बहुतेक लोक सोडून देतात, म्हणून इथे जरा थांबू.

मोजून काढलेल्या रेखाटनात डोळ्याला दिसतं तसं काही नसतं. लांबचं लहान, जवळचं मोठं हा प्रकारच नाही. वस्तूकडे अगदी समोरून, अगदी वरून आणि अगदी बाजूनं बघितलं तर काय दिसेल ते वेगवेगळं काढलेलं असतं. समोरच्याला एलेव्हेशन म्हणतात, वरच्याला प्लॅन, बाजूच्याला साइड एलेव्हेशन किंवा नुसतंच "साइड". शिवाय वस्तू करवतीनं मधोमध कापली तर आत काय दिसेल, तो छेद, म्हणजे सेक्शन.

माझ्या डेस्काची मापं सांगतो. रुंदी २४ इंच, खोली १६ इंच. मागे उंची ११ इंच, पुढे मुनीमजींच्या पोटाशी ७ इंच. मागची ४ इंच पट्टी सपाट आहे, दौत ठेवायला. तिथून पुढे १२ इंचांत झाकण ४ इंच खाली उतरतं.

आता या झाकणाची लांबी किती? समोरच्या चित्रात मोजाल तर ४ इंच. वरच्या चित्रात मोजाल तर १२ इंच. बाजूच्या चित्रात तिरकी रेघ मोजाल तर सुमारे १२ इंच ५ सूत. तिन्ही चित्रं एकाच झाकणाची आणि तिन्ही बरोबर. पण सुतारानं फळी कापायची ती तिसऱ्या मापानं. असं एकाच दिशेनं उतरतं असलेलं काहीही आपली खरी लांबी फक्त एकाच बाजूनं दाखवतं. इंटरमिजिएटच्या पुस्तकात हे असायचं. तेव्हा पाठ करून सुटलो, कळलं ते या डेस्कावर.

म्हणून एक सवय लावून घ्या. समोरच्या चित्रातला एक ठिपका निवडा, समजा झाकणाची पुढची कड. मग तीच कड वरच्या चित्रात कुठे आहे ते शोधा, मग बाजूच्या चित्रात. बोट ठेवून शोधलं तरी चालतं. मी अजूनही बोट ठेवतो. तिन्हीकडे एकच कड सापडली की डोक्यात एकदम ती वस्तू उभी राहते, आणि तो क्षण खरोखर मजेचा असतो. कागद सपाटच असतो, पण आता त्याला पोट आलेलं असतं.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. भारतात शिकलेला माणूस वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतो, आणि डाव्या बाजूनं दिसणारं दृश्य उजवीकडे. अमेरिकन चित्रांत याच्या उलट: वरचं वर, डावीकडचं डावीकडे. डेस्काच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर काही बिघडत नाही. पण एकाच बाजूला दार असलेलं कपाट असेल तर दार भलत्याच बाजूला समजून बसाल.

आणखी एक. मधोमध "लांब रेघ, ठिपका, लांब रेघ" अशी उभी रेघ दिसली तर ती मध्यरेषा. कधी कधी तिच्या डावीकडे वस्तूचं बाहेरचं रूप असतं आणि उजवीकडे छेद. दोन्ही बाजू सारख्याच आहेत तर एका अर्ध्या भागात आतलं दाखवू, असा हिशेब. चिपेंडेलच्या दोन पायांसारखीच ही कागदाची काटकसर आहे.

चौथी पायरी: रेघा

जाड रेघ म्हणजे बाहेरची कड किंवा कापलेला भाग, मध्यम म्हणजे दिसणारी आतली कड, तुटक म्हणजे मागे लपलेली कड, सगळ्यात बारीक म्हणजे मापाची रेघ. छेदात कापलेल्या लाकडावर तिरक्या रेघा मारतात, आणि शेजारशेजारच्या दोन फळ्यांवर त्या उलटसुलट दिशांनी मारतात, म्हणजे फळ्या दोन आहेत हे कळावं. एवढं पुरे.

हातानं काढलेल्या चित्रात मात्र रेघ जिथे सुरू होते आणि जिथे संपते ती टोकं बघा. दोन रेघा कोपऱ्यात नेमक्या भेटतात की एकमेकींना ओलांडून किंचित पुढे जातात? कोपऱ्यात पोचायच्या आतच दमतात का? कागद तिरका धरून उजेडात बघितलं तर आधी काढलेल्या कठीण पेन्सिलीच्या, फोर-एचच्या फिकट रेघाही सापडतात. त्या सापडल्या तर नशीब समजा. शाईखाली त्या माणसाचा कच्चा विचार दिसतो.

पाचवी पायरी: बेरीज करा

चित्राचं रसग्रहण करायला सांगितलं आणि हा गणित घालतोय, असं वाटेल. घालतोच.

माझ्या डेस्काच्या समोरच्या चित्रात डावीकडून उजवीकडे जाऊ. बाजूच्या दोन फळ्या प्रत्येकी ५ सूत, म्हणजे दोन मिळून सव्वा इंच. मधली उभी फळी अर्धा इंच. झाले पावणेदोन इंच. एकूण रुंदी २४, म्हणजे उरले सव्वाबावीस. त्यात दोन खण.

विशीतल्या मी काय केलं? सव्वाबावीस भागिले दोन. प्रत्येक खण ११ इंच १ सूत. बेरीज चोख २४. मी खूश.

ड्राफ्ट्समनच्या चित्रात खण बरोबर ११ इंचांचे आहेत. दोन मिळून २२. मग पाव इंच कुठे गेला? प्रत्येक खणाच्या डावीकडे एक फट, उजवीकडे एक फट. चार फटी, प्रत्येकी अर्धा सूत. चार अर्धे म्हणजे दोन सूत, म्हणजेच तो पाव इंच. माझ्या चित्रातला खण भोवतीच्या लाकडाला दोन्हीकडून घट्ट चिकटून बसला होता. मिस्त्रींनी विचारलं होतं ते हेच. मी कागदावर डेस्क नव्हे, डेस्काच्या आकाराचा ठोकळा काढला होता.

याच्याही पुढची गंमत छेदात आहे. तिथे खणाच्या वरची फट अर्धा सूत नाही, पूर्ण एक सूत आहे. बाजूला अर्धा आणि वर दुप्पट, असं का? लाकूड त्याच्या रेषांच्या, म्हणजे अंगच्या तंतूंच्या, दिशेनं जवळजवळ वाढत नाही. पावसाळ्यात दमट हवेनं ते फुगतं ते रेषांना आडवं. खणाच्या फळ्यांच्या रेषा आडव्या धावतात, म्हणून खण उंचीत फुगतो, रुंदीत नाही. बाजूची फट सरकण्यापुरती, वरची फट जुलै महिन्यासाठी. कोल्हापुरात जुलैत ज्यानं जुन्या कपाटाच्या खणाशी झटापट केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. ज्यानं डेस्क घडवलं त्याला हे ठाऊक होतं, आणि ज्यानं चित्र काढलं त्यानं ते ओळखून मोजलं.

कागदावर ही अर्ध्या सुताची फट दिसते तरी कशी? १:४ नं ती ०.४ मिलिमीटर होते. एवढ्याशा जागेत दोन रेघा आणि मध्ये पांढरं, हे जवळपास अशक्य. म्हणून ड्राफ्ट्समननी तिथे एकच रेघ काढली आहे, बाकीच्यांपेक्षा अंमळ जाड. वरची एका सुताची फट मात्र ०.८ मिलिमीटर, तिथे दोन बारीक रेघा वेगळ्या दिसतात. हे कळल्यापासून मला त्या जाड रेघेत खण सरकलेला ऐकू येतो.

कुठल्याही चांगल्या रेखाटनात अशी एखादी बेरीज करून बघा. भागांची बेरीज एकूण मापाशी जुळली पाहिजे, आणि जिथे काही हलतं, सरकतं, उघडतं तिथे त्या बेरजेत थोडी हवा पाहिजे.

सहावी पायरी: सांधे

मोठ्या चित्राच्या कडेला एखादा कोपरा खऱ्या मापात, १:१ नं काढलेला असतो. त्याला आमच्याकडे "फुल साइझ" म्हणतात. तिथे सांधा दाखवतात. खुर्चीच्या पायात आडवी पट्टी कशी बसते? पट्टीच्या टोकाला कूस, पायाला खाच, कूस खाचेत. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकलेले असतात, तो डोव्हटेल. दाते खणाच्या बाजूच्या फळ्यांना असतात, कारण माणूस खण ओढतो तो पुढून. दात्यांचा रुंद भाग पुढच्या फळीत अडकलेला असला की कितीही ओढा, दर्शनी फळी हातात येत नाही. चित्रात दात्यांची दिशा उलटी दिसली तर चित्रकाराला सांधा कळलेला नाही असं खुशाल समजा.

माझ्या चित्रातल्या डोव्हटेलमध्ये तीन दाते आहेत आणि मधला थोडा रुंद आहे. आधी वाटलं, चूक. नंतर डेस्कच पाहिलं. मधला दाता खरंच रुंद आहे. हातानं पटाशी चालवणारा माणूस सगळे दाते सारखे कशाला करत बसेल? यंत्रानं कापलेले तंतोतंत सारखे येतात. ड्राफ्ट्समननी एक दाता मोजून बाकीचे छापले नाहीत, तिन्ही मोजले. मला त्या चित्रात सगळ्यात जास्त आवडणारी जागा विचाराल तर हीच, अंगठ्याच्या नखाएवढी.

खणाचा तळही बघा. ती पातळ फळी पुढे आणि बाजूंना खाचेत सरकवलेली असते आणि मागे खिळ्यानं धरलेली. रेषा डावीकडून उजवीकडे, म्हणून फळी फुगेल ती पुढे-मागे, आणि मागे तिला वाढायला जागा ठेवलेली. हे छेदात न दाखवता नुसताच खालून एक आडवा पट्टा मारलेला असेल तर मोजणाऱ्यानं खण उपसून उलटा करून बघितलेला नाही.

लाकडाच्या रेषांबद्दल माझी एक तक्रार आहे. हल्ली नेटवर जी चित्रं फिरतात त्यांत सागवान कळावं म्हणून पृष्ठभागभर नागमोडी रेषा भरलेल्या असतात. देखणं दिसतं, पण कड कुठली आणि रेष कुठली हे कळेनासं होतं. जुने लोक एखाद्या कोपऱ्यात चार-पाच रेषा काढून सोडून देत. रेषांची दिशा कळली की झालं, बाकीचं डोळा भरून काढतो.

सातवी पायरी: वय आणि डागडुजी

नंतरच्या जातीच्या चित्रात ही सगळ्यात रसाळ जागा.

गोल टेबल असेल तर व्यास दोन दिशांना दिलाय का बघा. जुनं गोल टेबल खरं तर गोल उरलेलं नसतं. लाकूड सुकतं ते रेषांना आडवं, म्हणून एका दिशेनं ३० इंच असलेलं टेबल दुसऱ्या दिशेनं तीनेक सूत कमी भरू शकतं. कातारकाम केलेल्या, म्हणजे लाकूड फिरवून गोल तासलेल्या, पायांचंही तेच, गोल पाय कालांतरानं किंचित अंडाकृती होतात. चित्रात कंपासनं मारलेलं चोख वर्तुळ आणि एकच व्यास असेल तर एक तर टेबल नवं आहे, नाहीतर मोजणाऱ्यानं एकदाच टेप लावला.

स्क्रू काढलेले असतील तर त्यांचं टोक आणि डोकं बघा. टोकाला बोथट स्क्रू साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा. टोकदार स्क्रू त्यानंतर सर्रास झाले. डोक्यावर अधिकची फुली असलेला स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. माझ्या डेस्काच्या डाव्या बिजागरीला तीन आडव्या खाचेचे स्क्रू आहेत आणि एक फुलीचा. ड्राफ्ट्समननी तो फुलीचाच काढला आहे आणि बाजूला बारीक अक्षरात "नंतरचा" असं लिहिलं आहे. माझ्या विशीतल्या चित्रात चारही सारखे होते. मला वाटलं होतं, मी डेस्कावर उपकार करतोय.

गायब मूठ, बुजवलेलं किल्लीचं भोक, एका पायाखाली ठोकलेली चकती, शाईचा डाग. चांगलं रेखाटन हे लपवत नाही आणि त्याचा तमाशाही करत नाही. तुटक रेघेनं "इथे मूठ होती" एवढं दाखवून पुढे जातं.

आठवी पायरी: छाया

छाया असेलच तर उजेड बहुधा वर डावीकडून आलेला मानतात. सावली खाली उजवीकडे पडते. मोल्डिंग, म्हणजे कडेची नक्षीची पट्टी, बाहेर आलंय की आत गेलंय हे त्यावरून कळतं. पटत नसेल तर कागद उलटा करा: बाहेर आलेली नक्षी आत गेल्यासारखी दिसायला लागते. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो, मलाही.

कुठे बघायचं, कशावर शिकायचं

कोल्हापुरात जुन्या लाकडाची कमी नाही. मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यानुसार १८८४ साली पूर्ण झालेल्या न्यू पॅलेसमधलं संग्रहालय, टाउन हॉलमधलं संग्रहालय, जुने वाडे, आणि तुमच्याच आजोळचं फडताळ. संग्रहालयात फोटो काढता येतो का, वही-पेन्सिल चालेल का, हे आधी विचारून घ्या. पेन्सिल चालली तर फोटोपेक्षा बरंच. फोटो काढणारा पुढच्या दालनात निघून जातो, रेघ ओढणाऱ्याला थांबावंच लागतं.

या गावाला सुतारकाम आणि चित्रकला यांची सरमिसळ नवीन नाही. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मिस्त्री घराण्यातले. त्यांनी रंगभूमीचे पडदे रंगवले आणि चित्रपटाचा कॅमेराही घडवला. ज्या हाताला खाच कुठे पडते ते ठाऊक आहे त्या हाताची रेघ वेगळी पडते, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

सुरुवात मात्र कपाटापासून करू नका. घरातला पाट घ्या, नाहीतर चौरंग. टेप, गुण्या (काटकोन बघायचं साधन) आणि वही. समोरून, वरून, बाजूनं अशी तीन दृश्यं १:४ नं काढा. चित्र चांगलं येणार नाही. ते येण्यासाठी हे करायचंच नाहीये. पाट उलटा करून खालच्या आडव्या पट्ट्या कशा ठोकल्यात हे पहिल्यांदा बघाल, त्यासाठी करायचं. चौरंग असेल तर चारही पायांची उंची वेगवेगळी मोजा. चारही सारखे भरले तर परत मोजा.

मग एखाद्या जुन्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त एक सांधा गिरवा. फक्त एक. गिरवताना हाताला कळतं की काढणाऱ्यानं कुठली रेघ आधी ओढली असेल, कुठे पट्टी उचलली असेल, कुठे श्वास धरला असेल.

आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारी, थोडा धीर आला की, तुमचं चित्र घेऊन जवळच्या एखाद्या वखारीतल्या वयस्क मिस्त्रींकडे जा. चित्र कसं वाटलं असं विचारू नका, ते चांगलंच म्हणतील. "यावरून बनवाल का?" असं विचारा, आणि चहा आधीच सांगून ठेवा, कारण ते कागद उजेडात धरून बराच वेळ काही बोलणार नाहीत.